नो बीपी, नो शुगर

रविवारी आम्ही जेवायला बसलो की कुणाला तरी उलट्या होतातच. म्हणजे ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाला तरी. मग त्यांना डॉक्टरकडे जायचं नसतं, हेल्पलाइनला फोन करायचा नसतो, त्यांना विनितावहिनी हवी असते. त्या रविवारीही पहिला घास तोंडात घालते तोवर फोन वाजला. अभिनव. माझ्या नवऱ्याच्या, चंद्रहासच्या ऑफिसातला.

"वहिनी, जेवताय का? एकच मिनिट. बाबांना उलट्या होतायत, चक्कर पण येतेय म्हणतात. गोळी द्या ना एखादी. तुमच्याकडे असेलच."

"माझ्याकडे का असेल? मी काय मेडिकल टाकलंय?"

"तसं नाही हो. तुम्ही आता डॉक्टरच होणार ना!"

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी डॉक्टर होणार नाहीये. मिरजेला नर्सिंग केलं, पुण्यात आयसीयूत काम केलं, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, अर्धं आयुष्य नर्स म्हणून उभं राहून काढलं. आता मी नर्स प्रॅक्टिशनर होणार आहे. म्हणजे पेशंटला मीच तपासणार, काय झालंय ते मीच ठरवणार आणि औषधही मीच लिहून देणार. त्यासाठी नोकरी सांभाळून मास्टर्स केलं. हे मी आमच्या मंडळात इतक्यांदा समजावून सांगितलंय की जीभ झिजली. समजावून झालं की समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "म्हणजे नर्सच ना?"

"अभिनव," मी म्हटलं, "शिकाऊ असताना मला साधी गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. आणि काकांना न बघता मी काही सांगणार पण नाही. जास्त वाटलं तर आत्ता इमर्जन्सीला ने. नाहीतर उद्या सकाळी क्लिनिकला घेऊन ये."

फोन ठेवला तर समोर चंद्रहासचा चेहरा वाकडा. "एक गोळीचं नाव सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? आपली माणसं आहेत."

"आपली माणसं आहेत म्हणूनच नाही सांगितलं."

सासूबाईंनी माझ्या ताटात न मागता आमटी वाढली. विषय बदलायचा असला की त्या आमटी वाढतात. सासरे, म्हणजे बाबा, खाली मान घालून जेवत होते. दोघं इथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुण्याहून आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आमची ओवी सोळा वर्षांची, ती कानात इअरफोन घालून भाताशी खेळत होती. सोमवार माझ्यासाठी काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी फ्रिजवर लिहूनच ठेवलं होतं. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सोमवारी माझी सुपरव्हायझर मरामा दिवसभर माझ्या मागे बसून माझं काम बघणार होती. शेवटचा दिवस. संध्याकाळी तिने सही केली तर माझे कागद नर्सिंग कौन्सिलपुढे जाणार, आणि नाही केली तर आणखी एक सेमिस्टर. आणखी एक सेमिस्टर करायची माझ्यात ताकद राहिली नव्हती, हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळत असणार. मरामा स्वतः नर्स प्रॅक्टिशनर. नॉर्थलंडची, माओरी, माझ्याहून वयाने मोठी. ती पेशंटसमोर एक अक्षर बोलत नाही. नंतर एकच विचारते, "कशावरून?" तुला न्यूमोनिया वाटला, कशावरून? तू घाबरली नाहीस, कशावरून? पहिल्या महिन्यात मला त्या प्रश्नाचा इतका राग यायचा की गाडीत बसून मी तिची नक्कल करायचे.

सकाळी अभिनव काकांना घेऊन आला. गोविंदकाका. काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच पुण्याहून मुलाकडे आलेले, पंधरवडाही झाला नव्हता. आल्या आल्या एका शनिवारी आमच्या घरी येऊन गेले होते, तेव्हा चांगले तरतरीत होते, माझ्या पोह्यांवर ओलं खोबरं कमी पडलं म्हणून मला चिडवलं होतं. आता अभिनवच्या खांद्यावर हात टाकून आले आणि खुर्चीत धपकन बसले. ओठ कोरडे, चेहरा पांढुरका.

"किआ ओरा, काका," मी म्हटलं. माओरीतला नमस्कार, त्यांना हसवायचा प्रयत्न होता. ते हसले नाहीत.

मी अजून तोंड उघडून काही विचारलंही नव्हतं, तोच काका मरामाकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "नो बीपी, नो शुगर, नो हार्ट, नो ऑपरेशन. बाय गॉड्स ग्रेस, ऑल फाइन."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. असंच्या असं, याच क्रमाने. बाबांना मागे खोकला झाला तेव्हा मी त्यांना दुसऱ्या क्लिनिकला नेलं होतं, कारण घरच्यांना आमच्याकडे तपासत नाहीत. तिथल्या नर्सने "हाउ आर यू" विचारायच्या आत बाबांनी हेच म्हणून दाखवलं होतं. ती हसून "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणाली होती, आणि मलाही तेव्हा मोठं कौतुक वाटलं होतं की बाबा इंग्रजीत बोलले. आता तेच काकांच्या तोंडी होतं. पण समोर पेशंट होता. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

प्रेशर कमी आलं. बोट टोचून साखर बघितली, तीही कमी. पट्टा काढताना शर्टाची बाही वर गेली आणि काकांचा हात दिसला. कातडी कागदासारखी पातळ, आणि त्यावर जांभळे डाग, जुने आणि नवे. मी दुसरी बाही वर केली, तिथेही तेच. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. गाल गोल, गुबगुबीत. आणि हातपाय मात्र काटकुळे, पोट सुटलेलं. पोहे खाताना मला वाटलं होतं, तब्येत सुधारलीय काकांची!

"काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कुठल्याच नाहीत," अभिनव म्हणाला.

"मी काकांना विचारतेय."

"अहो वहिनी, ते काहीच घेत नाहीत. त्यांना बाहेरचं काहीतरी बाधलंय. शनिवारी आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले होते."

"काका, पुण्यात काय घेत होतात? सांध्यांसाठी, दम्यासाठी, अंगदुखीसाठी? बारीक पांढरी गोळी, सकाळी नाश्त्यानंतर?"

काकांनी अभिनवकडे बघितलं. अभिनवने भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं. काका म्हणाले, "नो बीपी, नो शुगर—"

"मराठीत बोला ना माझ्याशी!" मी ओरडलेच. मागे मरामाची खुर्ची करकरली. दुभाषा म्हणून घरच्या माणसावर विसंबू नका, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला तर दुभाषाची गरजही नव्हती. माझी भाषा, माझी माणसं, आणि तरी माझ्यासमोर बसून दोघंही मला धडधडीत बनवत होते.

"अभिनव, तू बाहेर बस."

"का? मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच. ऊठ."

"वहिनी, हे बरोबर नाही हां. आम्ही तुम्हाला आपलं समजून आलो इथे."

"ऊठ म्हटलं ना!"

तो उठला. जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून जरासा दाबला. तो दाब मी बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दार लागलं. मी काकांसमोर स्टूल ओढून बसले आणि आवाज खाली आणला. "काका, आता इथे आपल्यातलं कुणी नाही. ह्या बाईंना मराठी येत नाही. मला सांगा, तुम्ही स्टिरॉइड घेत होतात का? इथे आल्यावर बंद केलंत का? ते अचानक बंद केलं तर माणूस असाच होतो. उलट्या होतात, चक्कर येते, प्रेशर पडतं. आणि मग माणूस जातो, काका. मी घाबरवत नाहीये."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मी ठणठणीत आहे गं पोरी. पोराला उगाच त्रास नको."

पोराला त्रास नको! स्वतः मरायला टेकलाय हा माणूस, आणि पोराला त्रास नको. मी त्यांना उभं करून पुन्हा प्रेशर घ्यायला गेले, तर ते उभेच राहू शकले नाहीत. माझ्या अंगावर कलंडले. मी आणि मरामाने मिळून त्यांना पलंगावर घेतलं, पाय उंच केले. प्रेशर आणखी खाली गेलं होतं. मरामाने रिसेप्शनला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळली.

"तुला काय वाटतं?"

"स्टिरॉइड अचानक बंद केलंय, दोघं नाही म्हणत असले तरी. शरीरात शिल्लकच नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायला हवं, आत्ता, ॲम्ब्युलन्सची वाट न बघता."

"ते तर नाही म्हणतायत. मुलगाही नाही म्हणतोय. कशावरून?"

डाग, गाल, पोट, प्रेशर, साखर, हे मी घडाघडा सांगितलं. ती ऐकत होती. तिची नजर म्हणत होती, एवढ्याने पुरेसं वाटतं का तुला? पोट बिघडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं प्रेशरही पडतं. डाग ॲस्पिरिननेही येतात. आणि मुलगा तर छातीठोक सांगतोय की हे काहीच घेत नाहीत.

मला आणखी एक कारण माहीत होतं. ते सांगितलं की संपलं, हेही माहीत होतं. काकांचा इन्शुरन्स जाणार होता, आमच्या बाबांचा जाणार होता, आणि माझा नवरा काय करतो ते मी नोकरीच्या जागी, सही करणाऱ्या बाईसमोर सांगणार होते. पण काका पलंगावर डोळे मिटून पडले होते आणि त्यांचं कपाळ घामाने थबथबलं होतं.

"कारण ते जे म्हणाले ना, नो बीपी, नो शुगर, ते त्यांना शिकवलेलं आहे," मी म्हटलं. "भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या विम्यात जुने आजार बसत नाहीत. म्हणून त्यांना पढवतात. जुनं काहीच नाही म्हणून सांगा, औषधं दाखवू नका. माझ्या सासऱ्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं, शब्दन् शब्द. आणि हे शिकवणारा माझा नवरा आहे."

हे मी बोलले तेव्हा माझं मलाच ते पूर्ण कळलं. आमच्याकडे शनिवारी सकाळी नवीन आलेल्या आईवडिलांचा छोटासा वर्ग भरतो. चंद्रहासची आयडिया. बसचं कार्ड कसं वापरायचं, रस्ता कसा ओलांडायचा, डेअरी म्हणजे दूध नाही, कोपऱ्यावरचं दुकान, असलं सगळं. सगळे त्याला डोक्यावर घेतात. पोहे मी करते. पोहे वाढून झाले की तो म्हणतो, "तू जा गं वर, अभ्यास कर, मी बघतो पुढचं." मला वाटायचं, माझ्या अभ्यासाची काळजी आहे ह्याला.

मरामाने एक क्षणही घालवला नाही. तिने लिहिलं, मी इंजेक्शन भरलं, तिने तपासलं, मी काकांच्या मांडीत दिलं. सलाईन लावलं. 

ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला. तेवढ्यात काकांचा रंग जरा बदलला. त्यांनी डोळे उघडले, माझा हात धरला आणि हळूच मराठीत म्हणाले, "प्रेडनिसोलोन. तीच बारीक पांढरी गोळी, चार वर्षं घेतोय. ऑकलंडला उतरल्यावर विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या गं. निघायच्या आधीच फोनवर म्हणाले होते, बॅगेत सापडल्या तर पंचाईत होईल. सहा महिने कळ काढा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. नाव घेतलं नाही, पण ह्या वेळी खोटंही बोलले नाहीत. मला ते इंग्रजीत मरामाला सांगावं लागलं, प्रत्येक शब्द, आणि तिने ते सगळं लिहून घेतलं.

काकांना घेऊन गेल्यावर अभिनवने मला पार्किंगमध्ये गाठलं. त्यांच्या मागोमाग त्यालाही हॉस्पिटलला निघायचं होतं, पण आधी मला ऐकवायचं होतं.

"झालं तुमचं समाधान? ॲम्ब्युलन्सवाल्यांना पण सांगितलंत. आता इन्शुरन्सवाले दारातसुद्धा उभं करणार नाहीत. हॉस्पिटलचं बिल कोण भरणार? तुम्ही?"

"तुझे बाबा मेले असते, अभिनव."

"काही मेले नसते! तुम्ही लोक सगळं वाढवून सांगता. बाकीचे सगळे करतात ते तुम्हाला चालतं, आम्ही केलं की—"

"बाकीचे कोण?"

"तुमच्याच घरात विचारा की!" तो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "आपल्याच माणसाचं वाटोळं केलंत, वहिनी. मंडळात कळू दे सगळ्यांना."

"कळू दे ना! मीच सांगते! माईकवर सांगते!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बेकरीतली बाई बाहेर आली. "बापाची औषधं कचऱ्यात टाकायला लावतोस, आणि वर मला आपलेपणा शिकवतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

तो गाडीत बसून निघून गेला. मी तिथेच कठड्यावर बसले. 

दिवसाचे उरलेले पेशंट मी कसे बघितले, मला आठवत नाही. कुणाचा कान होता, कुणाची गर्भनिरोधक गोळी होती, एका पोराने घशात मटार अडकल्याचं सांगितलं होतं. संध्याकाळी मरामाने मला समोर बसवलं. ती म्हणाली, हॉस्पिटलमधून फोन आला होता, काका सुधारतायत. मग म्हणाली, तुझा आवाज रिसेप्शनपर्यंत गेला होता, तेवढं सांभाळ. मी मान खाली घातली. मग तिने कागद पुढे ओढला आणि सही केली. मी त्या सहीकडे बघत बसले. इतकी वर्षं जिच्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावले, ती सही अशी दोन सेकंदांत झाली.

"तुझ्या सासऱ्यांना कोण बघतं?" तिने पेन ठेवता ठेवता विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "ते ठणठणीत आहेत." आणि हे काकांचंच वाक्य आहे हे बोलता बोलताच लक्षात येऊन मी गाडीची किल्ली उचलली.

घरी गेले तर चंद्रहास दारातच. अभिनवचा फोन येऊन गेला होता, चेहऱ्यावरच दिसत होतं. आई, बाबा, ओवी, सगळे जेवणाच्या टेबलाशी. कुणी जेवत नव्हतं.

"तू माझं नाव घेतलंस?" चंद्रहास म्हणाला. "तुझ्या त्या बाईसमोर? माझं?"

"घेतलं."

"तुला कळतंय का तू काय केलंयस? मी लोकांना मदत करतो. चार लोकं विश्वासाने येतात माझ्याकडे. हा विम्याचा नियम काय मी केलाय? म्हाताऱ्या माणसाला आजार असणारच, मग त्यांनी मुलांकडे यायचंच नाही का? तू सांग, यायचंच नाही?"

हे त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. नियम चांगला आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण गोळ्या कचऱ्यात टाकायला नियमाने सांगितलं नव्हतं.

"खरं सांगून यायचं," मी म्हटलं. "जास्तीचे पैसे भरून यायचं, नाहीतर जोखीम माहीत असून यायचं. पण डॉक्टरला तरी खरं सांगायचं! तू शिकवलंस त्यांना डॉक्टरशी खोटं बोलायला. मी वर बसून डायग्नोसिस शिकतेय, आणि खाली तू पेशंट तयार करतोयस. माझे पोहे खाऊ घालून!"

"आवाज खाली घे. आईबाबांसमोर—"

"त्यांच्याशीच बोलायचंय मला." मी खुर्ची ओढून बाबांसमोर बसले. "बाबा, तुम्ही काय घेता? मला शप्पथ घालायची नाही, रडायचं नाही, काही नाही. फक्त सांगा."

बाबांनी चंद्रहासकडे बघितलं. काकांनी अभिनवकडे बघितलं होतं तसंच. मी टेबलावर हात आपटला. "त्याच्याकडे नका बघू!"

बोलल्या सासूबाई. ह्या वेळी आमटी वाढायला नव्हती. "दोन वर्षांपूर्वी अटॅक आला होता यांना. दोन स्टेंट बसवलेत. गोळ्या आहेत पाच प्रकारच्या. इथे मिळणार नाहीत म्हणून पुरवून पुरवून घेतात. रक्त पातळ व्हायची आता एक दिवसाआड चालू आहे."

एक दिवसाआड. स्टेंट असलेला माणूस, आणि एक दिवसाआड. रोज माझ्यासमोर चहा घेत होता हा माणूस. मी व्हिटॅमिन डी घ्या म्हणून त्यांच्या मागे लागत होते.

दोन वर्षांपूर्वी चंद्रहास आठवडाभर पुण्याला जाऊन आला होता. सोसायटीचं काहीतरी काम आहे म्हणाला होता. मी बॅग भरून दिली होती.

"तेव्हा पण नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज आता वर जात नव्हता. "आई, मी आयसीयूत काम केलंय. अटॅक आलेली माणसं मी हातावर घेतलीयत. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

सासूबाई चाचरल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "अगं, तेव्हाच त्याच्या डोक्यात होतं ना, आम्हाला इकडे आणायचं. तो म्हणाला, बाहेर कुणाला कळता कामा नये. म्हणून नाही सांगितलं."

"बाहेर कुणाला," मी म्हटलं.

 मी ओवीकडे बघितलं. निदान ह्या पोरीच्या तोंडावर तरी माझ्यासारखा धक्का दिसेल म्हणून बघितलं. ती टेबलावरचा मिठाचा डाग नखाने खरवडत होती.

"ओवी, तुला माहीत होतं?"

"मम, प्लीज."

"माहीत होतं का?"

"एव्हरीवन न्यू," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "डॅड सेड यू'ड हॅव टू रिपोर्ट इट. बिकॉज यू आर अ नर्स."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं ती सगळी भांडी एकेक करून भिंतीवर फोडावीत. चंद्रहासची कॉलर धरून त्याला गदागदा हलवावं. मी सतरा वर्षं ह्या घराचं जेवणखाण, आजारपण, बाळंतपण, औषधपाणी सगळं बघितलं. दुनियेच्या उलट्यांना मी आपली, आणि ह्या घराच्या काळजाच्या बाबतीत मी बाहेरची. रिपोर्ट करेल म्हणे! मी काय पोलीस आहे? मी बाबांना वाचवलं असतं रे, एवढंच केलं असतं.

पण फोडलं काही नाही. मी उठून वर बाबांच्या खोलीत गेले, आणि बाबा मुकाट्याने माझ्यामागून आले. त्यांनी गादीखालून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या हातात दिली, एकेक, चोरी पकडल्यासारखी. त्यांचे हात गार होते. "रक्त पातळ व्हायची आता रोज घ्यायची," मी म्हटलं, "आत्ता एक घ्या, माझ्यासमोर. छातीत जरा जरी दुखलं तरी मला उठवायचं, लगेच. उद्या सकाळी मी तुम्हाला डॉक्टरकडे नेणार. तिथे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सगळं सांगायचं. मी शेजारी बसेन, पण बोलणार नाही."

"चंद्रहास चिडेल गं," बाबा म्हणाले.

"चिडू दे."

चंद्रहास दारात उभा होता. "आणि विमा? उद्या काही झालं तर?"

"तर बिल तू भरशील," मी म्हटलं. "घर विकून भर. आणि शनिवारचा वर्ग बंद. किंवा चालू ठेव, पण मग मी खालीच बसेन, आणि पोहे झाले की मी बोलेन."

तो लाल होऊन खाली निघून गेला. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "विनिता, तुझ्या त्या परीक्षेचं काय झालं गं आज?"

माझ्या पिशवीत मरामाची सही होती. मी बाबांना पाण्याचा ग्लास दिला, त्यांनी गोळी गिळली की नाही ते बघितलं आणि दिवा मालवून बाहेर आले.

सही झाली, हे मी त्या घरात कुणाला सांगितलं नाही. बाहेरच्यांकडून कळेल त्यांना.